वार्धक्य, लघवीचा त्रास आणि इबादत



सूरह रूममध्ये अल्लाहने माणसाच्या आयुष्याचे तीन टप्पे वर्णिले आहेत. आधी दुर्बलता, मग सामर्थ्य आणि त्या सामर्थ्यानंतर पुन्हा दुर्बलता व पिकलेले केस. या क्रमातून कोणाचीही सुटका नाही. माननीय जकरिया (अ.) यांनी संततीसाठी दुआ केली, तेव्हा आपली हाडे कमकुवत झाली आहेत आणि मस्तक पांढरे झाले आहे, हे गाऱ्हाणे त्यांनी प्रथम आपल्या रबपुढे मांडले. थकलेल्या शरीराची व्यथा बोलून दाखवण्यात एका पैगंबराला संकोच वाटला नाही. आपल्या वस्तीतील वडीलधाऱ्यांना मात्र तो वाटतो आणि त्याची किंमत ते आरोग्याने आणि इबादतीनेही मोजतात.

साठी ओलांडलेला एखादा नमाजी, जो वर्षानुवर्षे पहिल्या सफमध्ये उभा राहत असे, हळूहळू मागच्या सफमध्ये, दाराजवळ उभा राहू लागतो. काही महिन्यांनी तो फक्त जुमाला येतो. पुढे तेही थांबते. विचारले तर गुडघ्याचे किंवा थकव्याचे कारण सांगतो. खरे कारण असे असते की त्याला तासातासाला लघवीला जावे लागते, रात्री चार-पाच वेळा उठावे लागते, वुजू टिकत नाही आणि कपडा पाक आहे की नाही याची शंका मनातून जात नाही. घराबाहेर पडायचे असले की तो पाणी पिणे सोडतो. हे सर्व तो एकटा सोसतो, कारण त्याची समजूत असते की हे म्हातारपण आहे आणि म्हातारपणाला इलाज नाही.

या समजुतीचा निकाल आदरणीय पैगंबर मुहम्मद (स.) यांनी चौदा शतकांपूर्वीच लावला आहे. माननीय उसामा बिन शरीक (र.) यांची हदीस अबू दाऊद व तिर्मिजीच्या संग्रहांत आहे. काही ग्रामीण अरबांनी पैगंबरांना विचारले की आम्ही औषधोपचार करावा काय? पैगंबर (स.) यांनी होकार दिला आणि सांगितले की अल्लाहने कोणताही आजार त्याच्या औषधाशिवाय ठेवलेला नाही, अपवाद फक्त एक, तो म्हणजे वार्धक्य. या हदीसचा उत्तरार्ध आपण नीट लक्षात घेत नाही. वार्धक्य वेगळे आणि वार्धक्यात होणारा आजार वेगळा. गेलेले तारुण्य परत आणणारे औषध नाही. परंतु त्या वयात जडणारा आजार इतर आजारांप्रमाणेच उपचारास पात्र आहे. त्याला म्हातारपणाचे नाव देऊन घरी बसणे ही काही सब्र नव्हे.

त्रासाची कारणे

प्रौढ माणसाने जागेपणी सात-आठ वेळा आणि उतारवयात रात्री एखादे वेळी लघवीला जाणे स्वाभाविक आहे. यापेक्षा प्रमाण वाढले, झोप मोडू लागली किंवा प्रवास व मस्जिद टाळावीशी वाटू लागली, तर कारण शोधले पाहिजे.

वृद्ध पुरुषांतील सर्वांत परिचित कारण प्रोस्टेट ग्रंथीची वाढ हे होय. तारुण्यात अक्रोडाएवढी असणारी ही ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाला वेढून असते. वयाबरोबर ती वाढते आणि मधला मार्ग आवळला जातो. साठीच्या आसपास सुमारे निम्म्या पुरुषांत ही वाढ आढळते, ऐंशीनंतर तर बहुसंख्यांत. लघवी सुरू होण्यास वेळ लागणे, धार बारीक होणे, मध्येच थांबणे, शेवटी थेंब गळत राहणे, मूत्राशय रिकामे झाले नाही असे वाटणे ही तिची लक्षणे आहेत. मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही, म्हणून ते लवकर भरते आणि पुन्हा जावे लागते. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे आणि तिचे कर्करोगात रूपांतरही होत नाही. तथापि, दोन्ही एकाच व्यक्तीत असू शकतात, म्हणून तपासणी आवश्यक ठरते.

दुसरे मोठे कारण मधुमेह. रक्तातील साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की ती लघवीवाटे बाहेर पडू लागते आणि आपल्याबरोबर पाणीही ओढून नेते. अशा माणसाला लघवी वारंवार तर होतेच, शिवाय प्रत्येक वेळी ती भरपूर होते आणि तहान शमत नाही. प्रोस्टेटच्या त्रासात मात्र बहुधा थोडी थोडी होते. हा फरक घरच्या घरीही ध्यानात येऊ शकतो.

तिसरे कारण रात्रीपुरते असते. दिवसभर पायांत साचलेले पाणी आडवे झाल्यावर रक्तात परतते आणि मूत्रपिंडे ते बाहेर टाकू लागतात. ज्यांच्या पायांवर संध्याकाळी सूज दिसते, त्यांनी हृदयाची व मूत्रपिंडांची तपासणी करून घ्यावी. झोपेत मोठ्याने घोरणाऱ्या आणि श्वास अडकणाऱ्या व्यक्तींनाही रात्री वारंवार लघवी होते.

याशिवाय मूत्रमार्गातील जंतुसंसर्ग, मूतखडा, अर्धांगवायू किंवा कंपवातानंतर मूत्राशयावरील नियंत्रण ढिले पडणे, जुनाट बद्धकोष्ठता, रक्तदाबासाठी घेतलेल्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि रात्री उशिरा घेतलेला चहा हीदेखील कारणे आहेत. सर्दीवरील काही गोळ्यांनी प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी अचानक पूर्ण तुंबू शकते. म्हणून अशी गोळी दुकानातून परस्पर घेऊ नये.

लाज कोठे योग्य, कोठे नाही

लज्जा हा श्रद्धेचा एक भाग आहे, ही पैगंबरांची शिकवण आपल्याला ज्ञात आहे. पण ती लज्जा माणसाला वाईटापासून रोखण्यासाठी आहे. दीनचे ज्ञान आणि आजाराचे औषध यांपासून रोखण्यासाठी ती नाही.

माननीय अली (र.) यांचा प्रसंग बुखारी शरीफमध्ये आला आहे. त्यांना मजी नावाच्या स्रावाचा वारंवार त्रास होत असे. पैगंबर (स.) त्यांचे सासरे, त्यामुळे विचारण्याचा धीर होत नव्हता. अशा वेळी अली (र.) यांनी प्रश्न मनात दडपून ठेवला नाही. त्यांनी माननीय मिकदाद (र.) यांना विचारण्यास सांगितले आणि उत्तर मिळवले. या प्रसंगात प्रत्येक संकोची वडिलांसाठी मार्ग आहे. मुलाशी बोलणे जमत नसेल तर जावयाकरवी, भावाकरवी, मित्राकरवी सांगा. डॉक्टरांपुढे बोलताना शब्द सुचत नसतील तर कागदावर लिहून न्या. आयशा (र.) यांनी अन्सारी स्त्रियांची प्रशंसा केली, ती याचसाठी की लज्जेने त्यांना दीन समजून घेण्यापासून अडवले नाही.

तपासणीबाबत एक शंका अनेकांच्या मनात असते. प्रोस्टेटचा आकार पाहण्यासाठी डॉक्टर गुदद्वारातून बोटाने तपासणी करतात, तेव्हा सतर उघडे पडते. उपचाराची गरज असताना, गरजेपुरते सतर डॉक्टरांपुढे उघडणे वैध आहे, असे फिकहच्या विद्वानांनी स्पष्ट केले आहे. अशी तपासणी एक-दोन मिनिटांत संपते. ती टाळून वर्षानुवर्षे त्रास भोगणे शरीअतची मागणी नाही.

तपासणी आणि उपचार

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी तीन दिवस एक छोटी नोंद ठेवावी. किती वाजता पाणी किंवा चहा घेतला, किती वाजता लघवी झाली, अंदाजे किती झाली, रात्री किती वेळा उठावे लागले. या एका कागदावरून डॉक्टरांना अर्धे निदान होते. सोबत सध्या चालू असलेल्या सर्व गोळ्या न्याव्यात. सामान्यतः लघवीची तपासणी, रक्तातील साखर, क्रिएटिनिन, गरजेनुसार पीएसए आणि पोटाची सोनोग्राफी सांगितली जाते. सोनोग्राफीत लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती शिल्लक राहते, तेही मोजतात. पीएसए वाढलेला आला म्हणजे कर्करोग झालाच, असे समजून घाबरू नये. जंतुसंसर्गाने किंवा नुसत्या ग्रंथीच्या वाढीनेही तो वाढतो.

त्रास सौम्य असेल तर सवयी बदलूनच पुष्कळ आराम पडतो. पाणी दिवसा पुरेसे प्यावे, झोपण्यापूर्वीच्या दोन-तीन तासांत कमी करावे. पाणी पूर्ण तोडणे घातक आहे. त्याने लघवी दाट होऊन मूत्राशयाचा दाह वाढतो आणि खड्यांची भीती असते. संध्याकाळनंतर चहा-कॉफी टाळावी. पायांवर सूज असेल तर असर-मगरिबच्या दरम्यान थोडा वेळ पाय उंचावर ठेवून पडावे. बद्धकोष्ठता होऊ देऊ नये. लघवी बसून, घाई न करता करावी आणि झाल्यावर क्षणभर थांबून पुन्हा एकदा प्रयत्न करावा. बसून लघवी करणे आपल्या शिष्टाचारात आहेच. प्रोस्टेट वाढलेल्यांना त्याने मूत्राशय अधिक चांगले रिकामे करता येते. रक्तदाबाच्या गोळीची वेळ बदलावीशी वाटली तर ती डॉक्टरांना विचारूनच बदलावी.

औषधांचे मुख्य दोन प्रकार आहेत. टॅमसुलोसिनसारख्या गोळ्या मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू सैल करतात आणि काही दिवसांतच गुण देतात. त्या सुरू असताना अचानक उठल्यास चक्कर येऊ शकते. तहज्जुदला उठणाऱ्यांनी आधी बिछान्यावर थोडे बसावे, मग उभे राहावे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली असेल तर ही गोळी चालू आहे किंवा पूर्वी घेतली होती, हे नेत्रतज्ज्ञांना अवश्य सांगावे. फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड ही दुसऱ्या प्रकारची औषधे ग्रंथीचा आकार कमी करतात. त्यांचा गुण येण्यास सहा महिने लागू शकतात, म्हणून महिनाभरात ती सोडून देऊ नयेत. औषधांनी भागले नाही, लघवी वारंवार तुंबू लागली किंवा मूत्रपिंडांवर ताण आला, तर मूत्रमार्गातून दुर्बीण घालून ग्रंथीचा अडथळा काढतात. पोटावर टाका पडत नाही. या शस्त्रक्रियेनंतर वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जाण्याची शक्यता असते, हे आधीच विचारून समजून घ्यावे.

काही बांधव केवळ मध व कलौंजीवर विसंबून तपासणी लांबवतात. हदीसमध्ये या दोन्ही वस्तूंचा उल्लेख सन्मानाने आला आहे, यात शंका नाही. पण ज्या पैगंबरांनी (स.) मधाचे गुण सांगितले, त्यांनीच माननीय उबई बिन कअब (र.) आजारी असताना त्यांच्याकडे वैद्य पाठवला आणि त्या वैद्याने त्यांची रग कापून तिला डाग दिला, असे सहीह मुस्लिममध्ये नमूद आहे. म्हणजे जाणकाराकडे जाणे आणि गरज पडल्यास शस्त्रक्रिया स्वीकारणे हीही सुन्नतचीच वाट आहे. पुढे याच उम्मतमधील अंदलुसचे शल्यवैद्य अबुल कासिम जहरावी यांनी तुंबलेली लघवी नळीने काढण्याची रीत आपल्या ग्रंथात लिहून ठेवली.

काही लक्षणांत सकाळची वाट पाहू नये. लघवी पूर्ण बंद होऊन ओटीपोट फुगणे, थंडी वाजून ताप येणे, पाय अचानक लुळे पडणे, यांत ताबडतोब रुग्णालय गाठावे. लघवीत रक्त दिसले तर ते एकदाच दिसून थांबले तरी डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे.

तहारत आणि नमाज

आता त्या प्रश्नाकडे वळू, ज्यामुळे वृद्ध माणूस मस्जिदपासून दूर जातो. दोन कबरींची हदीस त्याने ऐकलेली असते. त्यांपैकी एकाला यातना होत होती, कारण तो लघवीच्या शिंतोड्यांपासून स्वतःला जपत नसे. ही ताकीद गंभीर आहे, पण ती निष्काळजी माणसासाठी आहे. जो आपल्या परीने जपतो आणि आजारापुढे हतबल होतो, त्याला अल्लाह त्याच्या ऐपतीपलीकडचा भार देत नाही, हे कुरआनने सूरह बकराच्या अखेरीस स्पष्ट केले आहे.

येथे तीन अवस्था वेगळ्या केल्या पाहिजेत.

पहिली अवस्था, लघवी वारंवार लागते, पण तिच्यावर ताबा असतो. अशी व्यक्ती माजूर नाही. लघवीला जावे, वुजू करावा, नमाज पढावी. जोराची लघवी दाबून नमाजला उभे राहण्यास पैगंबर (स.) यांनी मनाई केली आहे. तेव्हा आधी मोकळे होऊन यावे, जमातची एखादी रकअत हुकली तरी हरकत नाही.

दुसरी अवस्था, लघवी झाल्यानंतर काही वेळ थेंब येतात आणि मग थांबतात. अशा व्यक्तीने नमाजच्या वेळेपूर्वी पुरेसा अवधी ठेवून हाजत उरकावी, थोडे चालावे, खोकावे, थेंब थांबल्याची खात्री करून मग इस्तिंजा व वुजू करावा. त्यानंतर केवळ शंका येत राहिली तर तिच्यामागे जाऊ नये. खात्री शंकेने रद्द होत नाही, हा फिकहचा मान्य नियम आहे. शंकेचे मूळच तोडण्यासाठी कपड्यावर थोडे पाणी शिंपडावे, असेही विद्वानांनी सुचवले आहे.

तिसरी अवस्था, थेंब थांबतच नाहीत. फातिमा बिन्त अबी हुबैश (र.) यांना रक्तस्रावाचा असा आजार होता की तो थांबत नसे. त्यांना नमाज सोडण्यास सांगितले गेले नाही, तर प्रत्येक नमाजसाठी वुजू करण्यास सांगितले गेले. फकीहांनी सतत लघवी गळणाऱ्याला याच आधारावर सवलत दिली. हनफी मसलकानुसार एका नमाजच्या संपूर्ण वेळेत वुजू करून फर्ज पढण्याइतकीही सवड मिळाली नाही, तर ती व्यक्ती माजूर ठरते. त्यानंतर प्रत्येक वेळेत एकदा तरी थेंब येत राहिले, तोवर ही सवलत कायम राहते. तिने प्रत्येक नमाजच्या वेळेसाठी एक वुजू करावा. वेळ संपेपर्यंत त्या थेंबांनी तो तुटत नाही. कोकणातील बहुतांश मुस्लिम शाफई मसलकाचे आहेत. त्या मसलकात वेळ सुरू झाल्यावर स्वच्छता करून, कापड किंवा पॅड बांधून वुजू करावा व विलंब न लावता नमाज पढावी. एका वुजूने एकच फर्ज, नफिल मात्र कितीही. माजूर व्यक्तीने इतरांची इमामत करू नये, असे हनफी विद्वान सांगतात. नळी व पिशवी लावलेल्या रुग्णानेही नमाज सोडायची नाही. आपली नेमकी अवस्था सांगून जवळच्या आलिमकडून मसला समजून घ्यावा.

रोज्याचेही असेच. गोळीची वेळ सहरी-इफ्तारनुसार बसवता येईल काय, हे रमजानपूर्वीच डॉक्टरांना विचारावे. रोजा खरोखर झेपत नसेल तर कुरआनने ठेवलेली कजा व फिदयाची सवलत स्वीकारण्यात कमीपणा नाही. आणि आजारामुळे घरी नमाज पढावी लागलीच तर मन खट्टू करू नये. माणूस आजारी पडतो तेव्हा निरोगीपणी तो जी सत्कृत्ये करीत असे, त्यांचे पुण्य त्याच्या नावे लिहिले जाते, अशी शुभवार्ता बुखारी शरीफमध्ये आहे.

घर आणि मस्जिद यांची जबाबदारी

आई-वडील वार्धक्याला पोहोचले तर त्यांना ‘उफ’देखील म्हणू नये, असा सूरह बनी इस्राईलचा आदेश आहे. त्या ‘उफ’चा प्रसंग बहुधा रात्री तीन वाजता येतो, जेव्हा वडिलांच्या उठण्याने सर्वांची झोप मोडते किंवा पायजमा ओला झालेला दिसतो. अशा वेळी मस्जिदे नबवीतील तो ग्रामीण अरब आठवावा, ज्याने मस्जिदमध्येच लघवी सुरू केली होती. सहाबा त्याच्यावर धावले, तेव्हा पैगंबर (स.) यांनी त्यांना थांबवले, त्या माणसाला पूर्ण लघवी करू दिली, मग तेथे बादलीभर पाणी ओतवले आणि त्याला प्रेमाने समजावले. तो मनुष्य धडधाकट होता आणि ती जागा अल्लाहचे घर होते. मग आजारी पित्याच्या बाबतीत आपले वर्तन कसे असावे?

त्यांच्या खोलीपासून संडासापर्यंत रात्री दिवा ठेवा. फरशी कोरडी ठेवा, भिंतीला धरण्यासाठी दांडी बसवा. रात्रीच्या घाईत पाय घसरून मांडीचे हाड मोडलेले अनेक वृद्ध पुन्हा चालते होत नाहीत. तपासणीला त्यांच्यासोबत जा, पण डॉक्टरांशी बोलताना त्यांना संकोच वाटत असेल तर क्षणभर बाहेर थांबा.

मस्जिदच्या व्यवस्थापकांनीही विचार करावा. वुजूखान्याजवळ पाश्चात्त्य पद्धतीचे एक शौचालय, धरायला दांडी, दाराजवळच्या सफमध्ये दोन खुर्च्या, एवढ्याने अनेक वडीलधारे परत येतील. आणि इमाम साहेबांनी ती हदीस आठवावी, जिच्यात नमाज लांबवणाऱ्या इमामवर पैगंबर (स.) नाराज झाले व म्हणाले की मागे दुर्बल असतात, वृद्ध असतात आणि गरज असलेला माणूसही असतो. जुमाचे बयान वेळेवर संपवणे हीदेखील एखाद्या वृद्धाची सेवा आहे.

वडीलधाऱ्या बंधूंनो, आपली जागा पहिल्या सफमध्ये आहे. या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या, आलिमला मसला विचारा आणि घरच्या एका तरी विश्वासू माणसाला सांगा. उपचार आपल्या हाती, गुण देणे अल्लाहच्या हाती.

हे अल्लाह, आमच्या वृद्धांना शिफा दे, निकामी करून टाकणाऱ्या वार्धक्यापासून त्यांना तुझ्या आश्रयात ठेव, त्यांची लाज राख आणि आम्हा मुलांच्या जिभेला व हातांना त्यांच्यासाठी मऊ कर. आमीन.